कॉलेज फुटबॉल: तुम्ही कुठे बसता आणि का?

गणपती येतात तेव्हा इथे अमेरिकेत कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावतात तो) सीझन सुरू होतो आणि दिवाळी उरकली तरी चालूच असतो. मुलगी मिशिगन विद्यापीठात गेल्यापासून आमचे बरेच शनिवार अ‍ॅन आर्बरला जातात आणि तिकिटं काढताना दर वेळी घरात वाद होतो: बसायचं कुठे? तुम्ही कुठल्या स्टेडियमला जाता, कुठली जागा धरता, का, हे इथे लिहा. विद्यार्थी, पालक, नुसतेच त्या गावात राहणारे, सगळ्यांनी.

सुरुवात मीच करते. आमचं स्टेडियम १९२७ चं, क्षमता १,०७,६०१. कोविडचं साल सोडलं तर १९७५ पासून इथे दर सामन्याला लाखावर माणूस असतं. बाहेरून एवढं मोठं वाटत नाही, कारण बरंचसं जमिनीत खणलेलं आहे. दारातून आत गेलं की पायऱ्या खाली उतरतात. बहुतेक जागा म्हणजे लांबच लांब बाकं आणि त्यांवर रंगवलेले आकडे. सप्टेंबरात दोन आकड्यांमध्ये माणूस मावतो. नोव्हेंबरात प्रत्येकाच्या अंगावर जाड जॅकेट चढलं की रांगेत एकदोन माणसं जास्तच होतात! म्हणून लवकर जाऊन बूड टेकवायचं.

आमचा मुख्य नियम उन्हाचा. मैदान उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे दुपार कलली की पश्चिमेच्या बाजूला सावली आणि पूर्वेच्या लोकांच्या थेट डोळ्यांत ऊन. सप्टेंबरात पश्चिम, थंडीत पूर्व. गोम अशी की सामना बाराला, साडेतीनला की रात्री, हे टीव्हीवाले ठरवतात आणि बऱ्याचदा जेमतेम सहा-बारा दिवस आधी सांगतात. तिकिटं तर तुम्ही उन्हाळ्यातच घेतलेली असतात.

कॉलेज स्टेशन, टेक्सस

आमच्याकडे प्रश्नच नाही, कारण विद्यार्थी बसतच नाहीत. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे सगळे विद्यार्थी पूर्ण सामना उभे. १९२२ च्या जानेवारीत डॅलसच्या एका सामन्यात आमचे इतके खेळाडू जखमी झाले की प्रेक्षकांत असलेल्या ई. किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला कोचने खाली बोलावून घेतलं. तो कपडे बदलून शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला, खेळायची वेळ आलीच नाही. आपण त्याच तयारीत आहोत, म्हणून अजून सगळे उभे. बारावा खेळाडू म्हणतात तो हा.

जागा मिळते ती ज्येष्ठतेने. सामन्याच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाची मुलं सोमवारी तिकिटं उचलतात, मग खालचे वर्ग एकेक दिवस मागे. एमएसवाले आम्ही सोमवारच्या गटात येतो, हा एमएसचा खरा फायदा. (दुसरा अजून सापडायचाय.) तरी मोठ्या सामन्याला आदल्या रात्रीच रांगेत तंबू लागतात. मी मुद्दाम तिसरा मजला मागतो. सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गाण्यावर डोलतात तेव्हा वरचा मजला हलल्याचं पायांना कळतं. आईला हे सांगितलेलं नाही.

आणखी एक प्रथा: आपल्या संघाने गुण मिळवले की सोबतच्या जोडीदाराचं चुंबन घ्यायचं. आमच्या घोळक्यातली एकटी मंडळी त्या वेळी स्कोअरबोर्ड फार मन लावून वाचतात.

कोलंबस, ओहायो

मिशिगनवाल्या ताई, धागा छान, संघ वाईट. :)

मी बँडसाठी जाते. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि त्या वेळी जे खायला उठतात त्यांचं मला नवल वाटतं. आमचा बँड चालता चालता मैदानावर एकमेकांना जोडलेल्या इंग्रजी अक्षरांत 'ओहायो' लिहितो, १९३६ पासून, आणि शेवटी सूसाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं पितळी वाद्य) एक जण ऐटीत जाऊन त्यातल्या आयवर टिंब होऊन उभा राहतो. हे वाचायचं तर लांबीच्या बाजूला, उंचावर बसायला हवं. फक्त वरच्या मजल्याच्या खाली येणाऱ्या मागच्या रांगा टाळा: उंच मारलेला चेंडू मधेच दिसेनासा होतो.

बर्कली, कॅलिफोर्निया

सर्वांत चांगली जागा फुकट आहे. स्टेडियमच्या वर टेकडी आहे, तिचं नावच टाइटवॉड हिल, म्हणजे चिक्कूंची टेकडी. कित्येक पिढ्या लोक तिथे बसून सामना बघत आलेत. चढ चांगलाच आहे, धूळ आहे, शौचालय नाही. तोफ तिथेच असते, आपल्या संघाने गुण केले की उडते, तेव्हा कानांची काळजी घ्या. खाली स्टेडियम थेट हेवर्ड या भूकंपाच्या भ्रंशरेषेवर बांधलंय, त्यामुळे टेकडीवरच बरं असं मी बायकोला पटवलंय. ती पुण्याची, फार पटवावं लागलं नाही.

सिअ‍ॅटल

पाऊस. वरचा मजला, छपराखाली. शिवाय पूर्वेकडे तळं दिसतं आणि लोक होड्या घेऊन सामन्याला येतात. विषय संपला.

लॉस एंजेलिस

पुढच्या रांगेचा मोह कोणालाही होऊ नये म्हणून लिहितोय. क्रिकेटला सीमारेषेजवळची जागा भारी, इथे नाही. मैदानाच्या कडेला दोन्ही संघांचे धिप्पाड खेळाडू उभे असतात, त्यांच्या पाठी बघण्यात दुपार जाते. इथल्या रोझ बोल स्टेडियममध्ये तर खालच्या रांगांचा चढ इतका कमी की पुढच्याचं डोकंही मधे येतं. मला आवडते ती गोलपोस्टमागची, बरीच वरची जागा. लोक स्वस्त म्हणून हिणवतात. पण बचावाच्या भिंतीत फट कुठे पडतेय आणि चेंडू घेऊन धावणारा ती कधी हेरतो हे तिथूनच कळतं. बाजूने बघताना नुसता ढीग दिसतो.

बाबा भारतातून आले होते. पंधरा मिनिटांचे चार भाग म्हणजे तासाभरात घरी, असा त्यांचा हिशोब. साडेतीन तास लागले. जाहिरातींसाठी लाल टोपीवाला माणूस मैदानात आला की ते दर वेळी विचारायचे, "परत ड्रिंक्स?"

आयोवा सिटी

पश्चिमेच्या बाजूला बसा. समोरच्या स्टँडच्या मागे मुलांचं हॉस्पिटल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरून लहान पेशंट सामना बघतात. पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम, पाहुण्या संघासकट, वळून त्यांना हात करतं. २०१७ पासून चाललंय. मी तिथे काम करते, त्यामुळे कधी कधी दुसऱ्या बाजूने, काचेमागून बघायला मिळतं. पोरं आधी भाव खातात, मग दोन्ही हात हलवतात.

नवीन प्रश्न

दिवाळीनंतर तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच जाणार आहोत, अ‍ॅन आर्बरलाच. काही सल्ला?

धागाकर्ती

कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावाच. बॅग नेऊ नका, दारावर अडवतील. डायपर वगैरेंचे नियम विद्यापीठाच्या साइटवर आधी वाचा. जागा कडेची आणि वरची घ्या, दाराजवळ पडते आणि पायऱ्या कमी चढाव्या लागतात. बाकावर अंथरायला जाड काहीतरी न्या, ते धातूचे असतात. मध्यंतराचा बँड बघून निघालात तरी कोणी हसणार नाही, आणि पार्किंगमधून गाडीही बाहेर पडेल.