मदत हवी आहे: संस्थेच्या संचालकांना तीन महिन्यांची भरपगारी सुट्टी देण्यासाठी फेलोशिप किंवा अन्य मार्ग

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी महिलांच्या बचत गटांसोबत काम करणाऱ्या एका लहान सार्वजनिक न्यासाचा मी विश्वस्त आहे. आमच्या संचालक ताई संस्थेच्या स्थापनेपासून काम सांभाळत आहेत आणि त्यांनी सलग आठवडाभर रजा घेतल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. थकून राजीनामा देण्याची वेळ त्यांच्यावर येण्याआधी त्यांना तीन महिने तरी पूर्ण मोकळीक द्यावी, असे विश्वस्त मंडळाने ठरवले असून त्यासाठी पैसा कोठून उभा करता येईल हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

जे कार्यक्रम पाहिले ते जवळपास सगळे शिकण्यासाठी आहेत. अमेरिकेची हम्फ्री फेलोशिप अनुभवी व्यावसायिकांसाठी असली, तरी त्यात सुमारे दहा महिने तेथील विद्यापीठात राहावे लागते आणि शेवटी पदवीही मिळत नाही. अक्युमेन या सामाजिक क्षेत्रातील संस्थेची वर्षभराची फेलोशिप नोकरी न सोडता करता येते. पण त्यामुळे ताईंच्या कामात भरच पडेल. सामाजिक उद्योजकांसाठीच्या अशोका फेलोशिपचा निर्वाहभत्ता नव्या कल्पनेवर पूर्णवेळ काम करणाऱ्यांसाठी आहे. यातील कोणत्याही फेलोशिपला मी कमी लेखत नाही, मात्र दमलेल्या माणसाला पुन्हा निबंध आणि मुलाखतींना बसवणे मला पटत नाही.

आम्हाला हवे तसे काही सापडले ते लॉस एंजेलिसमध्ये. तेथील ड्यूरफी फाउंडेशन १९९७ पासून स्थानिक सेवाभावी संस्थांच्या प्रमुखांना सुट्टीसाठी अनुदान देत आले आहे. प्रवास, चिंतन किंवा निव्वळ विश्रांती, सुट्टी कशी घालवायची हे अर्जदारानेच सुचवायचे असते. संस्थेतील इतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी कायमचा निधी उभारण्याचीही सोय त्यात आहे, आणि मला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण प्रमुख बाहेर गेल्यावरच दुसऱ्या फळीला खरे निर्णय घ्यावे लागतात. अर्थात ते अनुदान त्याच परिसरापुरते आहे. भारतातील एखादी देणगीदार संस्था किंवा कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग अशा सुट्टीसाठी पैसे देतो का? कोणाला प्रत्यक्ष अनुदान मिळाले असेल, तर प्रस्तावात हा खर्च कोणत्या शीर्षकाखाली दाखवला, तेही कृपया सांगावे.

बाहेरून काही मिळाले नाही, तर संस्थेच्या निधीतूनच पगार चालू ठेवावा लागेल, आणि खरी अडचण तेथेच आहे. ताई स्वतः विश्वस्तही आहेत. विश्वस्तांना दिलेला मोबदला त्यांच्या सेवेच्या मानाने वाजवी असावा, अशी आयकर कायद्याची अपेक्षा असते. मग ज्या तीन महिन्यांत सेवाच नाही, त्या काळातील पगार लेखापरीक्षकांना कसा पटवावा? रजेचे नियम आधी ठराव करून सर्व कर्मचाऱ्यांना सारखेच लागू केले, तर हा आक्षेप टळतो का? शिवाय आमची एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. कार्यकारी मंडळाच्या सदस्यांचे वेतन प्रशासकीय खर्चातच धरले जात असल्यामुळे हा पगार परदेशी देणगीच्या खात्यातून काढू नये, असे माझे मत आहे.

शेवटचा प्रश्न लहान, पण रोजचा आहे. एफसीआरए नोंदणीत ताई मुख्य पदाधिकारी आहेत आणि बँकेच्या धनादेशांवर त्यांची सही लागते. तीन महिन्यांसाठी पदाधिकारी न बदलता केवळ सहीचे अधिकार उपसंचालकांना ठरावाने दिले, असे कोणी केले आहे का, आणि बँकेने त्यासाठी कोणती कागदपत्रे मागितली? ठरावाचा नमुना असल्यास संस्थेचे नाव वगळून येथे दिलात तरी चालेल.