गच्ची गळते म्हणून वर्गणी काढली: शेजारधर्म की कमिटीची पळवाट?

तिसरामजला

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. तळ अधिक चार, वीस फ्लॅट, 1996 चं बांधकाम, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या चारही घरांत छताला ओल धरली. एका काकूंच्या देवघराच्या फळीवर पातेलं ठेवलेलं, त्यात थेंब टपटपतायत आणि बाजूला काकू पूजा करतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन 3,80,000 चं आलं. सोसायटीच्या खात्यात दुरुस्तीसाठी 92,000. मग आम्ही सहा-सात जणांनी मनावर घेतलं. घरोघर फिरून ऐच्छिक वर्गणी काढली, 1,47,000 जमले. दिवाळीत चिवडा, चकल्या, करंज्या करून विकल्या, खर्च वजा जाता 31,000 उरले. दोन रविवार गच्ची झाडून काढली. पावसाचं पाणी उतरायचा पाईप मोकळा केला तर आतून कबुतराचं घरटं निघालं आणि एक रबरी बॉल, त्यावर मार्करने नाव लिहिलेलं. तो मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो. फोटो पाठवला तर म्हणाला, जपून ठेवा, येतो न्यायला.

वीसपैकी सतरा घरांनी पैसे दिले. आणि आता सभेत एक सभासद म्हणतात, "ही झोळी फिरवायची पद्धत बंद करा. सोसायटी आहे, मठ नाही." मला मनापासून लागलं. आपलं घर समजून चार माणसं राबतात, त्यात चूक काय? सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी) आणि दुरुस्ती निधी नियमाप्रमाणेच घेतोय. वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का आणि पाऊण टक्का. आमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च तेव्हा 2,40,000 धरलेला, म्हणजे महिन्याला 50 आणि 150 रुपये. वीस घरांचे मिळून वर्षाला 48,000. त्यात रंग, टाकी, पंप, सगळंच. नियमच असा तोकडा असेल तर शेजाऱ्यांनी हात पुढे करायचा नाही का?

गिरगावकर_मूळचा

शंभर टक्के तुमच्या बाजूने. मी चाळीत वाढलो. नळ बिघडला, जिन्याची फळी तुटली, कुणाची आई आजारी पडली, सगळी चाळ उभी राहायची. कुणी उपविधी (सोसायटीची नियमावली) काढून बसत नव्हतं. फ्लॅटमध्ये आलो आणि दारं बंद झाली. तुमच्याकडे दार वाजवणारी माणसं अजून आहेत, त्यांना टोचून बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. करंज्यांची ऑर्डर बाहेरची घेता का, तेही कळवा.

खातेवही

धागाकर्त्या, एक शब्द तुमच्या नजरेतून सुटलाय: "किमान". आदर्श उपविधींत सिंकिंग फंडाला वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीला किमान 0.75 टक्के असं आहे. दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. नियम तोकडा नाही, तुमच्या सोसायटीने त्याची सगळ्यात खालची पायरी पकडली आणि तिथेच बसली. 1996 च्या बांधकाम खर्चावर आजची गच्ची कशी होणार?

हिशेब करून बघा. दहा वर्षांपूर्वी महिना फक्त दीडशे रुपये वाढवले असते तर वीस घरांचे, व्याज सोडून, 3,60,000 झाले असते. म्हणजे जवळपास तुमचं अख्खं कोटेशन.

आणि वर्गणीचा खरा दोष वेगळाच आहे. मेंटेनन्स थकवला तर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला घेता येतो (सहकारी संस्था कायद्याचं पूर्वी कलम 101, आता 154ब-29). वर्गणी कुणी नाही दिली तर काय करणार? काहीच नाही. मग लोक दुसऱ्या मार्गाने दबाव आणतात. तुमच्याकडे तसं काही झालं का?

तिसरामजला

दबाव वगैरे नाही हो. "किमान" बद्दल मात्र खरंच माहीत नव्हतं, ऑडिटरने आजवर एकदाही सांगितलं नाही. जिन्याखाली फळ्यावर कुणी किती दिले ते लिहिलंय, पारदर्शकतेसाठी. एवढंच.

खातेवही

तीन घरांपुढे शून्य लिहिलंय?

तिसरामजला

हो. पण हिशेब म्हणून.

कडीकुलूप

आमच्या सोसायटीतही असा फळा होता. शून्य आमच्या नावापुढे होतं.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मी एकटी कमावती. शेजारी वाईट नव्हते, उलट फार चांगले. पावसात रिक्षा मिळत नाही म्हणून समोरचे काका स्वतःच्या गाडीतून बाबांना न्यायचे. शेजारच्या वहिनी आठवड्याला एकदा तरी भाजीचा डबा पाठवायच्या. आणि त्याच वहिनींच्या मुलीने फळ्यावर सुंदर अक्षरात सगळ्यांची नावं लिहिली होती, आमच्यापुढे शून्य, त्याला छान गोल वळण देऊन. बाबा जिना उतरताना दर वेळी तिथे दम खायला थांबत. जिन्यात टेकायला तेवढीच एक जागा होती.

महिना पाचशे रुपये मेंटेनन्स वाढवला असता तर कुरकुरत का होईना भरले असते. एकदम दहा हजार "स्वेच्छेने" द्यायचे, ते मला जमले नाहीत. नंतर मी वहिनींकडून भाजी घेणं बंद केलं. त्यांना कारण कळलं नाही, मीही सांगितलं नाही.

माजीसेक्रेटरी

वरचं वाचून वाईट वाटलं, फळा चूकच. पण खातेवही, तुमचा हिशेब कागदावरचा आहे. मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. दुरुस्ती निधी वाढवायचा विषय तीनदा अजेंड्यावर घेतला. पहिल्यांदा कोरम नाही, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवली, तेव्हा सात माणसं. त्यातल्या पाचांनी हात वर केले ते विरोधात. दुसऱ्यांदा "आधी थकबाकीदारांकडून वसूल करा, मग आमच्याकडे या." तिसऱ्यांदा एक गृहस्थ म्हणाले, "बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, त्यात पैसे कशाला घालायचे?" ही गोष्ट 2011 ची. बिल्डिंग अजून तिथेच आहे.

ठराव पडतो तेव्हा पाऊस थांबतो का? गळतंय ते गळतंयच. मग वर्गणी काढणाऱ्याला पळपुटा म्हणायचं? वर्षानुवर्षं कुणी फुकट राबायला तयार नव्हतं, ते झाले, तर त्यांना नियम शिकवायला सगळे हजर. नियम शिकवणाऱ्याने एक वर्ष खजिनदारकी करून दाखवावी.

खातेवही

बारा वर्षं केलीय साहेब, तीही थकबाकी वसुलीसकट.

तळमजला

आधीच सांगतो, मी धागाकर्त्यांच्या बिल्डिंगमधला नाही. पण ज्यांनी झोळी म्हटलं त्यांच्या बाजूने चार शब्द.

गच्चीची गळती ही सोसायटीची जबाबदारी, आदर्श उपविधींत तसं आहे. चौथ्या मजल्याने दुप्पट द्यावेत हे चूक आणि तळमजल्याचा काय संबंध हेही तितकंच चूक. मी माझा वाटा बिलात आला तर मुकाट्याने भरतो. पण तुम्ही संध्याकाळी पाच जण मिळून दारात येता, हातात पावतीपुस्तक, तोंडावर हसू, मागे मुलं. तेव्हा "नाही" म्हणायला माणूस किती निबर लागतो? याला ऐच्छिक म्हणायचं? गणपतीच्या वर्गणीत निदान "पुढच्या वर्षी बघू" म्हणता येतं.

दुसरं, जो जास्त देतो त्याचा आवाज वाढतो. आमच्याकडे एकाने पन्नास हजार देऊन गेटवर कमान बांधली. तेव्हापासून पार्किंगच्या प्रत्येक वादात ती कमान येते. सोसायटीत एका सभासदाला एक मत, ते पैशावर मोजायचं नाही, हेच तर सहकार.

गिरगावकर_मूळचा

सगळं कायद्यात बसवायचं तर माणुसकी कुठे ठेवायची? आम्ही चाळीत

(अर्धवट गेलं, फोनवरून लिहितोय.) आम्ही चाळीत असा हिशेब कधी मांडला नाही.

माजीसेक्रेटरी

मी वर्गणीच्या बाजूचा, तरी इथे थांबवतो. चाळीचं उदाहरण सोयीचं तेवढंच सांगू नका. मुंबई शहरातल्या जुन्या चाळींत वर्गणी असायची गणपतीची, पूजेची, कुणाच्या आजारपणाची. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी उपकर (घरपट्टीसोबतचा जादा कर) भरला जायचा आणि सरकारचं दुरुस्ती मंडळ टेकू लावायचं. 30 सप्टेंबर 1969 च्या आधीच्या उपकरप्राप्त इमारती म्हणतात त्या याच. मंडळाचं काम कसं होतं तो वेगळा विषय, त्यावर बोलायला रात्र पुरणार नाही. पण चाळीच्या तुळया वर्गणीवर उभ्या नव्हत्या.

अकरामहिने

मी भाडेकरू. सात वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये, दर अकरा महिन्यांनी नवा करार.

खालच्या बागेला पाणी मी घालतो. ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये कोकोपीट मी टाकतो आणि चिलटं झाली की शिव्याही मीच खातो. 2020 मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या अडकल्या होत्या, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि दूध तीन महिने मी दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवत होतो. वर्गणीलाही माझं दार पहिलं वाजतं. "तुम्ही आपलेच" म्हणतात. सभेची नोटीस मात्र मालकाला जाते, ते राहतात मस्कतला. मी भाड्याने राहतो म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) घेतेच, सेवा शुल्काच्या दहा टक्के.

मला मत नको, कायदा मला कळतो. पण गच्चीचं काम मालकाच्या मालमत्तेचं. त्यासाठी माझ्याकडून दोन हजार घेतले आणि मस्कतवाल्यांना साधा फोनही केला नाही. हे शेजारधर्मात कसं बसतं, ते कुणीतरी समजावून सांगा.

तळमजला

याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे दोन हजार परत मिळायला हवेत.

खातेवही

अकरामहिने यांच्या लिहिण्यात माझं म्हणणं आलंय, मी फक्त सुटं करतो. आजींच्या गोळ्या, बाबांना नेणारी गाडी, वॉचमनच्या बायकोचं ऑपरेशन, यांच्यासाठी कुठलाही दर ठरवता येत नाही, बिलात रकाना काढता येत नाही. तिथे वर्गणी हवीच, आणि नावाशिवाय हवी. आमच्याकडे खजिनदाराकडे बंद पाकीट देतात, कोण किती देतं ते त्यालाही कळत नाही. गच्ची, कॉलम, टाकी, ड्रेनेज हे ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याने बिलातून भरायचं, मग तो मस्कतला असो नाहीतर माझ्या डोक्यावर राहो.

आणि धागाकर्त्या, 1996 ची इमारत आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, तीस ओलांडली की तीन वर्षांतून एकदा. तुमचं शेवटचं कधी झालं? 2015 मध्ये तुमच्या शेजारीच ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं गेली. वरून डांबरी पत्रा चिकटवण्याआधी स्लॅबमधली सळई गंजली का ते बघून घ्या, नाहीतर चकल्यांचे 31,000 पहिल्याच पावसात वाहून जातील.

माजीसेक्रेटरी

तत्त्व मान्य. पण पहिल्या पावसाआधी ठराव होणार नाही, हे मी लिहून देतो. तोवर पातेलं काकूंच्याच देवघरात. म्हणून जमलेली वर्गणी परत करायला माझा विरोध. ती सोसायटीच्या खात्यात पावती देऊन भरा, पुढच्या बिलांत ज्याची त्याला वळती करा. दिलेले पैसे आगाऊ मेंटेनन्स समजायचे, देणगी नव्हे.

कडीकुलूप

हे आधी कुणी सुचवलं असतं तर मी वहिनींची भाजी घेत राहिले असते.

तिसरामजला

दोन दिवस लिहिलं नाही, कारण सुरुवातीला राग आला होता. कडीकुलूप यांचा प्रतिसाद वाचून रात्री खाली जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. शून्यवाल्या तिघांपैकी एका घरात काय चाललंय ते मला खरंच माहीत नव्हतं. वीस घरांची बिल्डिंग. आम्ही त्यांच्या दारात वर्गणीला दोनदा गेलो, पण आत जाऊन बसलो एकदाही नाही.

सेक्रेटरींशी बोलले. स्ट्रक्चरल ऑडिट 2012 ला झालंय, फाईल कपाटात सापडली, वर वाळवी लागलेली. आधी ते करून घेतोय. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, त्यात दुरुस्ती निधी दीडशेवरून साडेसहाशे करायचा ठराव मी मांडतेय. वीस घरांचे महिना दहा हजार जास्तीचे. फराळाचे पैसे धरून कमी पडणारे 1,10,000 अकरा महिन्यांत निघतात. वर्गणी त्यानंतरच्या बिलांत वळती होईल. फराळाचे 31,000 गच्चीत घालायचे की वेगळे ठेवायचे यावर आम्ही फराळवाल्याच आपसात भांडतोय. माझं मत वेगळे ठेवावेत. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "मी करंज्या गच्चीसाठी लाटल्या, कुणाच्या ऑपरेशनसाठी नाही." त्यांचंही चुकत नाही. ठराव पडेल असं माजीसेक्रेटरी म्हणतायत, बघू.

फळा पुसायला गेले तर आकडे निघेनात. कुणीतरी पक्क्या मार्करने लिहिलेत. ओलं फडकं, साबण, काही चालेना.

अकरामहिने

व्हाइटबोर्डचा साधा मार्कर घ्या, त्या आकड्यांवरूनच गिरवा आणि ओला असतानाच कोरड्या फडक्याने पुसा. खालची शाई सुटते. नाहीच निघालं तर थोडं सॅनिटायझर.