मूकपटांच्या नट्यांना माइकने घालवलं की कंपन्यांनी?

रीळवाला:
१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलमआरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि मूकपटांच्या नट्यांचा काळ आटोपला, हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा छापलं गेलंय की ते कुणी तपासतच नाही. कारणही एकच दिलं जातं: अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींना हिंदुस्तानी येत नव्हतं. माझ्या मते भाषेची अडचण होती, पण दुय्यम. खरा अडसर गाण्याचा, आणि तोही त्या वेळच्या यंत्रामुळे.

'आलमआरा' तानार या ध्वनिमुद्रण यंत्राच्या सिंगल-सिस्टीमवर घेतला. चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर, एकाच वेळी. शिवाय आवाजाचा पट्टा त्याच्या चित्राच्या शेजारी नसतो, काही फ्रेम सरकलेला असतो. त्यामुळे मधेच कापलं की एका शॉटचा आवाज दुसऱ्या शॉटच्या चित्रावर येतो. एक ओळ चुकली तरी पूर्ण शॉट पुन्हा. पार्श्वगायन १९३५ पर्यंत आलं नव्हतं. म्हणजे नटीने लपवलेल्या माइकच्या टप्प्यात उभं राहून, चेहऱ्यावरचा भाव सांभाळत, सुरात गायचं. साजिंदे सेटच्या आड. 'आलमआरा'त सात गाणी होती, कलकत्त्याच्या मदन थिएटर्सच्या 'इंद्रसभे'त (१९३२) सत्तरच्या आसपास. मदनची मूकपटांतली मोठी तारका पेशन्स कूपर. 'नल-दमयंती' (१९२०) तिचा, 'पत्नी प्रताप'मध्ये (१९२३) दोन बहिणी तिनेच केल्या. बोलपट येताच त्याच कंपनीने रंगभूमीवरच्या गाणाऱ्या जहाँआरा कज्जनला पुढे आणलं. उच्चार घासून घेता येतात, गळा वर्षभरात तयार होत नाही.

पाटीवाचक:
साफ असहमत. 'आलमआरा' काढणाऱ्या इंपिरिअल कंपनीची सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू घरातली रुबी मायर्स. ती हाताशी असताना दिग्दर्शक आर्देशीर इराणींनी 'आलमआरा' जुबेदाला दिला. जुबेदा काही संगीत नाटक कंपनीतून आलेली नव्हती, मूकपटांतलीच होती. फरक घरातल्या बोलीचा. सुलोचनाने काम थांबवून हिंदुस्तानी शिकून घेतली आणि १९३२ ला बोलपट 'माधुरी' केला. गळा हाच अडसर असता तर तिने उस्तादाकडे रियाझ धरला असता. तिने भाषा शिकवणारा मुन्शी धरला.

मूकपटात भाषेचा भार पडद्यावर संवाद लिहून दाखवणाऱ्या पाट्यांवर होता. तोच सिनेमा हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी पाट्या घालून फिरायचा, नटी कुठल्या तोंडाने बोलते याला किंमत नव्हती. १९३१ नंतर पहिल्याच वाक्याला प्रेक्षकाला तिचा मुलूख कळू लागला.

जाहिरातसंग्रह:
दोघेही नटीच्या अंगातले गुण-दोष मोजताय. पडद्यामागे पैसा कुणाचा होता ते बघा.

भाषेचाच प्रश्न होता तर मास्टर विठ्ठल 'आलमआरा'चा नायक कसा? हा मराठी गडी, हिंदुस्तानी कच्ची. त्याच्यासाठी संवाद कमी केले, बराच वेळ त्याला बेशुद्धीसारख्या अवस्थेत ठेवलं. शारदा कंपनीशी त्याचा करार मोडून, कोर्टात जाऊन त्याला आणला होता. नायकासाठी पटकथा वाकते, नायिकेला मात्र शिकून या म्हणून सांगितलं जातं.

आता गोहर बघा. 'गुणसुंदरी' तिने मूकपटात १९२७ ला केला, बोलपटात १९३४ ला, आणि १९४० च्या 'अछूत'मध्येही तीच नायिका. तिच्यापाशी असं काय होतं? चंदुलाल शहांबरोबर १९२९ ला उभ्या केलेल्या रणजित या चित्रपट कंपनीत भागीदारी. कथा निवडताना ती खोलीत असायची. जुबेदाची आई फातमा बेगम हिनेही स्वतःची कंपनी काढून १९२६ ला 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. सुलोचनाची सद्दी मात्र इंपिरिअलच्या जिवावर होती. 'इंदिरा एम.ए.' (१९३४), 'अनारकली' (१९३५), 'बम्बई की बिल्ली' (१९३६) ही यादी वाचा. तिच्याच मूकपटांची उजळणी चाललीय. 'बोलपटाने संपली' म्हणतात ती बाई १९३६ पर्यंत नायिका आहे. उतार लागला तो कंपनी सुटल्यावर.

करवीर:
मुंबई-कलकत्त्याबाहेरही पाहा. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त (१९२०) कोल्हापूरच्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई होत्या, पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी. दोघींना समाजाने वाळीत टाकलं, राहणं कंपनीच्या आवारात. त्यांना मराठी बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी 'अयोध्येचा राजा' (१९३२) आला तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे: गिरगावातल्या सधन लाड घराण्यातल्या, सेंट झेविअर्समध्ये शिकलेल्या. तो काढणाऱ्या प्रभात कंपनीला आवाजासोबत घरंदाजपणाही हवा होता. ज्या बायकांनी १९२० ला बदनामी सोसून दार उघडलं, त्यांना बारा वर्षांनी त्याच दारातून आत घेतलं नाही. हा मुद्दा भाषा-गळ्याच्या वादात सारखा निसटतो आणि त्याचा मला राग येतो.

पाटीवाचक:
करवीर, पण दुर्गाबाई गायल्याही स्वतःच. घराणं पाहून घेतलं, हे एकट्याने पुरत नाही.

नायट्रेट:
कोण चांगली, कोण कमी पडली हे आपण कशावरून ठरवतोय? देशात १३०० च्या आसपास मूकपट झाले, त्यातले पूर्ण-अपूर्ण मिळून तीसेक उरले. नायट्रेट फिल्म साठवणीत आधी फिकी पडते, मग चिकटते, शेवटी तपकिरी भुकटी होते. आग लागली तर पाण्यानेही विझत नाही. उरलेली चांदीसाठी धुऊन काढली. सुलोचनाचे 'टायपिस्ट गर्ल', 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आणि १९२८ चा 'अनारकली', तिन्ही गेले. उलट सीतादेवीचे 'लाइट ऑफ एशिया', 'शिराझ', 'थ्रो ऑफ डाइस' टिकले, कारण युरोपात प्रती होत्या. म्हणून आज ती थोर वाटते. हा गोदामाचा निकाल आहे, अभिनयाचा नव्हे.

फोटोंवरूनही निष्कर्ष काढू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही: लाल ओठ काळे पडतात, निळे डोळे पांढुरके होतात. भडक मेकअप त्यासाठीच असायचा. आणि सिनेमा पाहताना वेग तपासा. हाताने फिरवलेला कॅमेरा सेकंदाला १६-१८ फ्रेम घेतो. तोच २४ ने चालवला तर प्रत्येक हातवारा झटका मारतो आणि आपण म्हणतो, काय हा अतिअभिनय.

नावांचीही गल्लत होते. 'मोहिनी भस्मासुर'मधल्या (१९१३) कमलाबाई गोखले वेगळ्या, कोल्हापूरच्या कमलादेवी वेगळ्या. सुलोचना मायर्स आणि सुलोचना लाटकर यांचे चित्रपट एकाच यादीत मी पाहिलेत.

रीळवाला:
भागीदारीचा मुद्दा वजनदार आहे, पण भागीदार असूनही गोहरला १९३१ च्या 'देवी देवयानी'त माइकसमोर उभं राहावंच लागलं. १९३१ ते ३५ या चार वर्षांत यंत्रापुढे कुणालाच सूट नव्हती.

जाहिरातसंग्रह:
सूट नव्हती, मान्य करतो, पण फेल झाल्यावर दुसरी संधी कुणाला मिळाली? 'दिलेर जिगर' (१९३१) उरलाय, पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा. नायिका अंबू, म्हणजे ललिता पवार. दिग्दर्शक तिचाच नवरा. १९३२ ला ती स्वतः निर्माती होऊन 'कैलास' हा मूकपट काढते, १९३५ ला बोलपट 'हिम्मत-ए-मर्दा' करते. ती मराठी घरातली, गाणारी आणि निर्मातीही. तुम्हा तिघांपैकी कुणाच्या बाजूने तिला मोजायचं ते सांगा, मग पुढे बोलू.