मदत हवी आहे: वसतिगृहातल्या मुलींची मतदार नोंदणी, नाव इथं लावायचं की गावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे आलं आणि त्यासोबत मतदार नोंदणीही. मागची फाईल उघडली तर २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाचे फोटो, शपथ, रांगोळी, 'माझे मत माझा अधिकार' असं लिहिलेली भित्तिपत्रकं. नोंदणी किती झाली याचा कागद कुठेच नाही.

म्हटलं, आपण खरं काम करू. ऑगस्टमध्ये दोन दिवस वसतिगृहाच्या जेवणघरात टेबल मांडून बसले. मुली चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या. ६३ जणींचे नमुना ६ (नवीन मतदाराचा अर्ज) भरले. पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो मीच बेडशीट टांगून काढले. (आपलं शहर म्हणजे शाहू महाराजांच्या वसतिगृहांचं, आणि इथं शिकायला आलेल्या मुलीचं नाव यादीत लावताना मला घाम फुटला, हे जरा गमतीचंच.)

पुढची कथा अशी. पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी) आले ते नेमके दिवाळीच्या सुट्टीत. रेक्टरबाई गावी, गेटवर वॉचमन. त्याने सांगितलं, "इथं कोण नाही." २२ अर्ज नामंजूर.

ज्यांचे मंजूर झाले त्यांचंही ऐका. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान होतं. एक मुलगी नवं कोरं कार्ड घेऊन सकाळी साडेसातला रांगेत उभी राहिली, आणि यादीत नाव नाही. नंतर कळलं की त्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. आमचे अर्ज ऑगस्टचे. ती परत आली, कार्ड कपाटात टाकलं आणि मैत्रिणींना म्हणाली, "मॅडमनी उगंच फोटो काढले." यावर मी काय बोलणार?

तिसरं म्हणजे पालक. एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरीचं नाव तिकडं गेलं तर आमच्या वॉर्डात एक मत कमी. गेल्या टायमाला आम्ही दोन मतांनी गेलोय." दुसऱ्या एका आईला भीती, की रेशनकार्डातून नाव जाईल. तिसरी म्हणाली, "आत्ता कशाला? लग्न झालं की सासरी लावू की." हे ऐकून मी अर्धा तास गप्प बसले होते.

आता नवी बॅच आली आहे. पुन्हा टेबल मांडायचंय, पण तीच चूक नको. वसतिगृहाचा पत्ता कायद्याने चालतो का? पडताळणीत अर्ज पडू नये म्हणून काय करू? आणि मुलींनी आपणहून यावं यासाठी काय केलंत? कृपया रांगोळी स्पर्धा सुचवू नका.

– शेंगदाणा_चटणी


जुना_कारकून:

मॅडम, निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

वसतिगृहाचा पत्ता चालतो. विद्यार्थ्याला गावी किंवा शिकतो तिथे, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव लावता येतं. इथे लावायचं तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि अर्जाला प्राचार्यांचं बोनाफाईड जोडावं लागतं. ते जोडलं होतं का? तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो.

दोन्हीकडे मात्र नको. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते चालत नाही आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. गावी आधीच नाव असेल तर नमुना ६ भरू नका, नमुना ८ भरा. जुन्या ठिकाणचं नाव त्यातूनच निघतं. लग्नानंतरही तोच नमुना, तेव्हा त्या आईंना सांगा, आज लावलेलं नाव उद्या सासरी नेता येतं. रेशनकार्डाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

तारखांचं लक्षात ठेवा. १८ वर्षं पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती, २ जानेवारीला जन्मलेलं पोर वर्षभर लटकायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीच्या मुलीही घ्या. महापालिका-पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक दिवसाची. त्या मुलीला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आणि एक आगाऊ सल्ला. त्या वडिलांशी भांडू नका. ज्या मुलीचं शेवटचं वर्ष आहे, जी मतदानाला एसटीने घरी जाणारच आहे, तिचं नाव गावीच बरं. तिला विचारा, मतदानाच्या दिवशी तू कुठे असशील? तिच्या उत्तरावरून पत्ता ठरवा. आकडा वाढवायचा म्हणून सगळ्या ६३ जणी इथे ओढल्यात तर तीन वर्षांनी यादीत ६३ 'स्थलांतरित' होतील आणि पुन्हा एखादा बीएलओ वॉचमनशी बोलत बसेल.


खडू_फळा:

मी स्वतः बीएलओ आहे, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. दिवाळीत का आले, असा सूर दिसतोय म्हणून लिहिते. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतच आम्हाला वेळ मिळतो. माझ्या भागात एक मुलांचं होस्टेल आहे. पहिल्या वर्षी खोली नंबर नसलेले अर्ज आले, नाव विचारलं तर पोरं म्हणाली, "कोण ओ? आमच्यात सगळे टोपणनावाने." मी तरी काय लिहू?

हे करून बघा. वसतिगृह यादीच्या कुठल्या भागात येतं ते निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर बघा किंवा १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून विचारा, त्या बीएलओचा नंबर घ्या आणि टेबल मांडायच्या आधीच त्यांना चहाला बोलवा. मुली, खोली क्रमांक, जन्मतारीख अशी एक यादी रेक्टरच्या सहीने तयार ठेवा. पडताळणीचा दिवस दोघींनी मिळून ठरवा, रविवार सकाळ उत्तम, सगळ्या कपडे धुवायला खालीच असतात. माझे मागच्या वेळचे ३१ पैकी ३० पास झाले. एकजण खरंच सोडून गेला होता.


टीवाय_बीए:

मॅम, मी विद्यार्थिनीच आहे (दुसऱ्या शहरातली). खरं सांगू? शपथ घ्यायला लावली की आम्ही ओठ हलवतो. ऑनलाइन फॉर्मचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर गेला, तो नंबर पप्पांचा, पप्पा शेतात. तीनदा वेळ संपली आणि मी सोडून दिलं. त्यामुळे कागदी फॉर्म ठेवा, प्लीज.

आमच्याकडे काय चाललं ते सांगते. एका सीनियरने नगरसेवकाचं काम काय, आमदाराचं काय, एवढंच विचारलं. होस्टेलसमोरच्या रस्त्यावर दिवे नव्हते, ते कुणाकडे मागायचे यावर अर्धा तास वाद झाला. मग सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला, वॉर्ड ऑफिसला दिला. पोच घेतली, ती अजून नोटीस बोर्डवर आहे. दुसऱ्या दिवशी अकरा जणी फॉर्म मागायला आल्या.


शेंगदाणा_चटणी:

सगळ्यांचे आभार. @जुना_कारकून, बोनाफाईड जोडलंच नव्हतं. मी आधारकार्डाची झेरॉक्स लावली होती आणि त्यावर पत्ता गावचा. आता कळलं, सगळा दोष वॉचमनचा नव्हता.

काल बीएलओ ताई येऊन गेल्या. माझ्याच गल्लीत राहतात! वर्गात 'मतदानाच्या दिवशी कुठे असाल?' हा प्रश्न विचारून चिठ्ठ्या घेतल्या. ४० पैकी १७ जणींनी 'गावी' लिहिलंय, दोघींनी 'माहीत नाही, लग्न'. त्या दोघींशी उद्या बोलते.

एक शेवटची शंका. आमच्या ऑफिसच्या छापील बोनाफाईडवर 'फक्त एसटी पाससाठी' असं खाली लिहिलेलं असतं. ते चालेल का?

जुना_कारकून: नाही. विद्यार्थ्यांसाठी नमुना ठरलेला आहे, तो टाईप करून प्राचार्यांची सही-शिक्का घ्या. एसटीचा पास ठेवा, १७ जणींना लागेलच.