लाल-हिरवं एकमेकांत विरघळतंय, उठाव कसा आणू?

भिंतीवर लावायचं पॅचवर्क (कापडाचे तुकडे जोडून केलेली नक्षी) करतेय. दहा सेंटीमीटरचे 64 चौकोन, प्रत्येकात दोन त्रिकोण, एक गडद, एक फिका. निदान ठरवलं तरी तसं होतं! जवळून रंग झकास दिसतात, पण तीन मीटरवरून नक्षीच हरवते. मोबाईलवर फोटो कृष्णधवल करून पाहिला, तर गर्द लाल आणि बाटली-हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेचे. डोळे किलकिले करूनही तेच. रंग न दिसता नुसतं गडद-फिकं कळावं म्हणून लाल जिलेटीन कागदातूनही पाहिलं, पण त्यातून लाल उगाच फिका दिसतो, म्हणून ते बाद.

सगळं सुती कापड आहे. तुकडे कापून झालेत, टाचण्यांनी बोर्डावर लावलेत, शिवण अजून नाही. हिरवा बदलायचा नाही. लाल बदलू शकते, पण निम्माच.

खरी अडचण छापील कापडाची. गडद निळ्यावर मोठी पांढरी फुलं आहेत. काही त्रिकोणांत नुसतं फूल आलंय, काहींत नुसता निळा. असं कापड गडद धरायचं की मध्यम? आणि लालच्या जागी फिका गुलाबी घेतला तर पुरेल, की त्रिकोणांमध्ये बारीक फिकी पट्टी घालावीच लागेल?