बाबांचा व्हिव्हिटार २८३ ईओएस ३०० वर लावू का? कॅमेरा जळेल का?

रीळवेडा
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या बाबांचा मिरजेत स्टुडिओ होता, लग्नामुंजीच्या ऑर्डरी घ्यायचे. परवा माळा आवरताना त्यांचा पेन्टॅक्स के१००० कॅमेरा आणि व्हिव्हिटार २८३ फ्लॅश सापडला, फ्लॅशच्या तळाशी मेड इन जपान लिहिलंय. नवीन पेन्सिल सेल टाकले आणि चक्क कुंईऽऽ करत चार्ज झाला, दिवा पेटला, उडाला पण. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला कॅनन ईओएस ३०० आहे, फिल्मवाला. पुढच्या महिन्यात आतेबहिणीची हळद आहे आणि हॉलमध्ये त्याच्या पॉप-अप फ्लॅशचा काही उपयोग होत नाही. एक मित्र म्हणतो जुना फ्लॅश लावलास तर कॅमेरा जाळशील, बाबा म्हणतात काही होत नाही रे, आयुष्यभर लावलाय. कॅमेऱ्याच्या शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला एक मोठा कॉन्टॅक्ट आणि चार बारके आहेत, फ्लॅशला मात्र एकच पिन. कोणाचं खरं मानू?

सोल्डरकाका
दोघांचंही खरं. बाबांनी लावला तो के१००० वर, आणि त्यात फ्लॅशसाठी आहे काय तर पत्र्याच्या दोन पट्ट्या, शटर उघडलं की एकमेकींना टेकतात. त्यांना २०० व्होल्ट काय ३०० काय, फरक पडत नाही. तुझ्या ईओएसमध्ये तेच काम बारीकसा सेमीकंडक्टर करतो, त्याची सहनशक्ती वेगळी.

आता फ्लॅशकडून काय येतं ते बघ. जुन्या डिझाइनमध्ये ट्रिगरचा छोटा कपॅसिटर मोठ्या कपॅसिटरवरूनच चार्ज होतो आणि तो रिकामा करायचं काम थेट कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टवर टाकलेलं असतं, म्हणजे फ्लॅश तयार झाला की मधल्या पिनवर शेकडो व्होल्ट बसलेले. नंतरच्या फ्लॅशमध्ये हे काम आतल्याच एका एससीआरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर सोपवलं, कॅमेऱ्याला फक्त इशारा द्यायचा, म्हणून पिनवर मोजके व्होल्ट. २८३ इतकी वर्षं बनत होता की दोन्ही प्रकारचे सापडतात. जपानवाले बहुतेक जास्तीचे, नंतरचे कोरियावाले बहुतेक कमीचे. पण लेबल वाचून निर्णय घेऊ नकोस, तुझ्या हातातला मोज.

सेल नवे घाल, दिवा पेटल्यावर अजून अर्धा मिनिट थांब. मीटर डीसी हजारच्या रेंजवर, लाल प्रोब मधल्या पिनवर, काळा शूच्या कडेला जी धातूची पट्टी बाहेर येते तिच्यावर. आकडा उणे आला तर पोलॅरिटी उलटी, तो फ्लॅश कुठल्याच इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यावर नको. बोटं लांब ठेव, चिमटा बसतो. आणि काहीही झालं तरी केस उघडू नकोस, आतला मोठा कपॅसिटर ३०० च्या वर असतो, सेल काढले तरी तसाच भरलेला राहतो.

फिल्मवाली
"काही होत नाही" वाल्यांसाठी माझी कहाणी. मीही असाच एक जुना फ्लॅश, कंपनीचं नाव राहू दे, ऑटोफोकस फिल्म बॉडीवर लावला. ठिणगी नाही, धूर नाही, तीन रोल मस्त आले आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की उगाच घाबरवतात. चौथ्या रोलला फ्लॅश शूमध्ये सरकवला की आपोआप उडायला लागला, शटरला हातही लावला नव्हता. नंतर नंतर तर चार्ज झाला की लगेच उडायचा. मेकॅनिक म्हणाला आतला स्विच कायमचा शॉर्ट झालाय, बोर्ड बदलावा लागेल आणि बोर्ड मिळत नाही. फोटो अजून काढतो तो, फक्त फ्लॅशशिवाय. म्हणजे पहिल्या दिवशी चाललं याचा अर्थ चालतंय असा नाही हं.

रीळवेडा
बापरे. आत्ता मोजला, घरात तो पिवळा स्वस्तातला मीटर आहे त्यावर. ११८ आला. म्हणजे २०० च्या खालीच आहे की, जरा बरं वाटलं.

सोल्डरकाका
बरं वाटून घेऊ नकोस. त्या पिवळ्या मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगओहम असतो आणि फ्लॅशच्या पिनमागेही साधारण तेवढाच रेझिस्टन्स असू शकतो, मग निम्मा व्होल्टेज फ्लॅशमधला तो रेझिस्टन्सच खातो आणि मीटर तुला उरलेला निम्मा दाखवतो. १० मेगओहमवाला मीटर आण कोणाचा तरी. जुने काट्याचे मीटर तर अजून फसवू शकतात.

डोंबिवलीकर
१९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकानुसार कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसायला हवेत. पण फिल्म ईओएसच्या बाबतीत जुने लोक ६ च्याच आत राहायचे, मीपण ६ धरतो. तुझे ११८ काय आणि दुप्पट काय, दोन्ही बादच.

हॉलसाठी सरळ के१००० घेऊन जा ना राव. सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर स्पीड, १/६०, रोल ४०० आयएसओचा. फ्लॅशचा गाइड नंबर (अंतर गुणिले एफ नंबर) १०० आयएसओला मीटरमध्ये ३६ आहे, ४०० ला दुप्पट म्हणजे ७२, साडेचार मीटरवर एफ १६ मिळतो, रांगेतली मावशीपण शार्प येईल. २८३ वरच्या सेन्सरला कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही, डायलवर रंग निवडायचा, तोच अ‍ॅपर्चर लेन्सवर लावायचा आणि विसरून जायचं. फक्त छताला बाउन्स मारू नकोस, कार्यालयाची छतं उंच, त्यात झिरमिळ्या, हळद लावलेली माणसं अजून हिरवीपिवळी येतील.

फिल्मवाली
ईओएसच न्यायचा असेल तर रेडिओ ट्रिगर लाव. ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर, रिसीव्हर फ्लॅशखाली, दोघांमध्ये वायरच नाही त्यामुळे जे व्होल्ट यायचे ते रिसीव्हरवर येतात, म्हणून रिसीव्हर किती सोसतो ते मॅन्युअलमध्ये बघून घे. नाहीतर वाइनचा सेफ-सिंक म्हणून अडॅप्टर येतो, शू आणि फ्लॅशच्या मध्ये बसतो. आणि हो, कॅमेरा एमवर, म्हणजे मॅन्युअलवर ठेव, १/९० किंवा त्याच्या खाली. फ्लॅश लागलाय हे ईओएसला कळतच नाही, स्पीड त्याच्यावर सोडलास तर अर्धी फ्रेम काळी.

रीळवेडा
कॉलेजच्या लॅबमधून चांगला मीटर आणला. २१६!! काका तुम्ही ग्रेट आहात.

आता गंमत ऐका. बाबांना हा आकडा दाखवला तर ते उठून माळ्यावर गेले आणि दुसरा २८३ घेऊन आले, जोडीला ठेवायचे म्हणे, एक गरम झाला की दुसरा. दिसायला डिट्टो सेम, तळाशी मेड इन कोरिया. त्याच मीटरवर ८.६. हा लावू का ईओएसवर?

डोंबिवलीकर
लाव की. २४ च्या किती खाली आहे, ईओएस ३०० तर १९९९ चा.

सोल्डरकाका
अरे पण वर तूच ६ म्हणालास ना. मी नाही लावणार. बॉडी गेली तर बोर्ड मिळत नाही हे फिल्मवालीने सांगितलंच आहे. कोरियावाला ट्रिगरवर लाव, जपानवाला के१००० वर जाऊ दे. आणि घरी आल्यावर दोन्हीतले सेल आठवणीने काढ.

रीळवेडा
ठरलं मग, ट्रिगर मागवतो. के१००० बाबा स्वतःच गळ्यात घालून येणार म्हणतायत, त्यांना रोल कुठला देऊ ते सांगा, मला वाटतंय त्यांच्यासमोर ४०० चा काढला तर बोलणी खाणार.