पोर्ट उघडताच बोर्ड रीसेट होतो, डीटीआर कसा आवरायचा?

प्रश्न: लिनक्सवर पायसीरियलने (पायथनची सीरियल पोर्टसाठीची लायब्ररी) पोर्ट उघडला की आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड रीसेट होतो. उघडण्याआधीच डीटीआर (संगणक तयार असल्याचं सांगणारी सीरियल पोर्टची लाइन) फॉल्स म्हणजे बंद केला, तरी तेच. का?

उत्तर १: उघडताना कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच डीटीआर चालू करतो, तुमचा फॉल्स त्यानंतर लागू होतो. बोर्डावर ही लाइन १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेली असते, त्यामुळे क्षणभराचा बदलही पुरतो. फॉल्सची ओळ काढा आणि टर्मिऑसमधला (लिनक्समधल्या सीरियल पोर्टच्या सेटिंग्जमधला) एचयूपीसीएल फ्लॅग, म्हणजे पोर्ट बंद होताना डीटीआर बंद करणारी सेटिंग, बंद करा. मग पोर्ट बंद केला तरी डीटीआर चालूच राहतो, पुढच्या वेळी बदलच होत नाही.

उत्तर २: पण केबल काढून लावली की पहिल्यांदा रीसेट होणारच! तेही नको असेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटला. स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) बोर्डावर चढवताना मात्र तो काढावाच लागतो.